बाहेर उघडणारे दार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "दार" एवढेच सांगितले. त्यांना प्रथम वाटले की काही अध्यात्म असेल, आणि ते प्रसन्न झाले. मग मला खुलासा करावा लागला की, मला बोलावयाचे आहे ते बिजागरीवर फिरणाऱ्या, लाकडाच्या किंवा लोखंडाच्या दाराविषयी. आणि तेही आपल्या घराच्या नव्हे. दुकान, कचेरी, उपाहारगृह, नाट्यगृह, मॉल अशा ठिकाणी एका कोपऱ्यात एक दार असते, ज्यातून एरवी कोणी जात नाही. त्यावर हिरवी पाटी असते, पाटीवर पळणारा मनुष्य काढलेला असतो. आजचे माझे व्याख्यान त्या दारावर आहे. इमारतींची पाहणी करणे हा माझा अनेक वर्षांचा धंदा आहे, आणि धंद्यातल्या माणसाला आपलाच विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, हे आपण जमेस धरूनच ऐकावे.

पहिली गोष्ट अशी की हे दार आपल्या परंपरेत बसत नाही. आपली दार बनविण्याची सारी विद्या कोणाला आत येऊ न देण्याची आहे. गडाचा महादरवाजा घ्या. त्याला बाहेरून अणकुचीदार खिळे आणि आतून जाडजूड अडसर. वाड्याचा दिंडीदरवाजा घ्या, मनुष्याने वाकून एकेकाने आत यावे म्हणून लहान. आपल्या चाळीतल्या खोलीचे दारसुद्धा आत उघडते, कडी आत, कोयंडा आत. सुताराला काही न सांगता दार बसवावयास सांगितले तर तो ते आतच उघडणारे बसवील. घराला ते शोभते. चार माणसे घरात असतात, दार ओळखीचे असते, आणि चोराला बिजागरीची खीळ बाहेरून काढता येत नाही.

परंतु ज्या दालनात तीनशे माणसे आहेत तेथे हेच दार काय करते? धूर दिसला, कोणी ओरडले, लोक उठले. सर्वांत पुढचा मनुष्य दाराशी पोचला. दार आत उघडावयाचे तर त्याला दोन पावले मागे सरले पाहिजे. मागचा मनुष्य त्याला एक बोटही मागे सरू देत नाही, कारण त्याच्या मागे आणखी दहाजण रेटत आहेत. यात कोणी दुष्ट नाही. मागच्याला ठाऊकच नाही की पुढे दार आत ओढावयाचे आहे. त्याला वाटते, पुढचा उगाच थांबला आहे. अशा रीतीने माणसांच्याच भाराने दार बंद राहते. तेच दार बाहेर उघडणारे असते तर तोच रेटा दार उघडण्याच्या कामी आला असता.

हे मी कल्पनेने सांगत नाही. अमेरिकेत शिकागो शहरी इरोक्वॉय नावाचे नाट्यगृह १९०३ च्या नोव्हेंबरात उघडले. जाहिरातीत ते संपूर्ण अग्निरोधक म्हणून वर्णिले होते. पाचच आठवड्यांनी, ३० डिसेंबरला दुपारच्या खेळाला आग लागली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. नाताळची सुट्टी होती, म्हणून त्यांत बायका आणि मुले फार. बाहेर जाण्याची दारे होती. नव्हती असे नाही. पण काही पडद्यांआड झाकलेली होती, काही आत उघडणारी होती, आणि काहींना अशी कड्या-कुलुपे होती की ती कशी उघडावयाची हे प्रेक्षकाला कळेना. त्यानंतर कार्ल प्रिन्झलर नावाच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने हेन्री ड्यूपाँट या वास्तुशिल्पज्ञाच्या साह्याने १९०८ च्या सुमारास दारावरचा एक आडवा दांडा बाजारात आणला. त्याच्याही आधी इंग्लंडात असा खटका निघालेला होता. संडरलंड येथे १८८३ साली एका दाराशी १८३ मुले चेंगरून गेली, त्या शोकातून तो निघाला होता. हाच तो दांडा, ज्याला आज आपले कंत्राटदार पॅनिक बार म्हणतात.

हा दांडा काय करतो ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. दाराच्या आतल्या बाजूस कमरेच्या उंचीवर हा आडवा दांडा असतो. त्याला हाताने, कोपराने, पोटाने, कशानेही ढकलले की खटका सुटतो आणि दार बाहेर उघडते. किल्ली नको, मूठ फिरवावयास नको, उजेड नको, अक्षरओळखही नको. बाहेरच्या बाजूला मात्र काहीच नसते; मूठ नाही, कडी नाही. म्हणजे आतल्याला ते नेहमी उघडे आणि बाहेरच्याला नेहमी बंद. गडाचा दरवाजा आणि हा दांडा यांचे भांडण शंभर वर्षांपूर्वीच मिटलेले आहे, एवढे कृपा करून लक्षात ठेवावे.

आता आपल्या भागाकडे येतो. लालबाग-परळच्या मंडळींना गिरण्यांची आठवण करून द्यावयास नको. गिरणीत कापूस, कापसाचा उडता तंतू, तेल, आगीला आमंत्रणच. म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्यात मूळ ३८ वे कलम होते ते आगीचे. त्यात असे होते की, खोलीत मनुष्य असेपर्यंत बाहेर जाण्याच्या दाराला आतून चटकन उघडता येणार नाही असे कुलूप वा कडी लावावयाची नाही. सरकते दार नसेल तर ते बाहेरच उघडले पाहिजे. आणि संकटाच्या वेळी वापरावयाच्या दारावर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, लाल, ठळक अक्षरांत खूण पाहिजे. खात्यात सांचा चालविणाऱ्या मनुष्याचा हा कायद्याने दिलेला हक्क होता. प्रत्येक गिरणीत तो पाळला गेला असे मी म्हणणार नाही. पण तो लिहिलेला होता आणि युनियनला तो दाखवून भांडता येत होते.

१९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि १९९१ नंतरच्या नियमांनी जमिनी मोकळ्या झाल्या. त्याच आवारांत कचेऱ्या आल्या, उपाहारगृहे आली. लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात २०१७ च्या डिसेंबरात, २८ तारखेची रात्र उलटून गेल्यावर, एका इमारतीच्या गच्चीवरील दोन शेजारशेजारच्या उपाहारगृहांना आग लागली. चौदा माणसे गेली, त्यांत अकरा स्त्रिया. वाढदिवस साजरा करावयास आलेली एक मुलगीही त्यांत होती. वरचे आच्छादन पेटणारे होते, त्यामुळे आग डोक्यावरून धावली. गेलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव धुराने गेला, आणि अनेकजण सापडले ते स्वच्छतागृहात. बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळे होते, हेही चौकशीत पुढे आले.

स्वच्छतागृहातच का, हा प्रश्न मला त्या दिवसांत पुष्कळांनी विचारला. उत्तर कठीण नाही. मनुष्य संकटात ओळखीच्या वाटेने जातो. ज्या दाराने आला त्याच दाराने तो परत जाऊ पाहतो. ती वाट पेटली असेल तर तासाभरात जे दुसरे दार त्याने पाहिले आहे तिकडे वळतो. उपाहारगृहात आलेल्या पाहुण्याने दुसरे कोणते दार पाहिलेले असते? तेथे पाणी असते, भिंती असतात, दार लावून घेता येते, म्हणून ते सुरक्षित वाटते. धूर मात्र दाराच्या फटीतून येतो. ज्या आवारातल्या गिरणी कामगाराला बाहेर उघडणाऱ्या, बिनकुलपाच्या दाराचा हक्क १९४८ साली लिहून दिला होता, त्याच आवारात सत्तर वर्षांनी, भरपूर पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला तशी वाट मिळाली नाही.

त्याच्या अकराच दिवस आधी, १८ डिसेंबरला, साकीनाक्याला एका फरसाणाच्या गाळ्यात पहाटे आग लागून आत झोपलेले बारा कामगार गेले होते. ती बातमी आपल्यापैकी किती जणांच्या स्मरणात आहे? पुण्याकडची दोन उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. ३० डिसेंबर २०१६ रोजी कोंढव्याला एका बेकरीत सहा कामगार गेले. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात पाचजण गेले. दोन्हीकडे कामगार रात्री आतच झोपत, आणि दोन्हीकडे दुकानाला बाहेरून कुलूप होते. आपल्या दादरला, गिरगावात, लालबागला रात्री दुकानांची शटरे खाली आल्यावर आत मनुष्य झोपलेला असतो की नाही, हे मी सांगावयास नको.

हे कुलूप कोण लावतो आणि का लावतो, येथे माझ्या विषयाचे मर्म आहे. मालक राक्षस असतो असे समजून चालणाऱ्यांपैकी मी नाही. दुकानदाराच्या बाजूने पाहा. चोरी ही त्याने पाहिलेली गोष्ट आहे. दरवर्षी थोडाफार माल जातो, कधी नोकर नेतो, कधी गिऱ्हाईक. आग त्याने पाहिलेली नसते. मागचे दार उघडे म्हणजे माल बाहेर जावयाला वाट. हा त्याचा रोजचा हिशेब आहे, आणि रोजच्या हिशेबापुढे जन्मात एकदा येणारा हिशेब नेहमी हरतो. न्यूयॉर्कला १९११ च्या २५ मार्चला ट्रँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. तेथेही एका जिन्याचे दार कुलुपात होते. सुटी होताना मुलींनी एकाच दाराने जावे आणि त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून. न्यूयॉर्क आणि कोंढवा यांत शंभर वर्षांचे अंतर; कुलूप एकच.

म्हणून नुसते "कुलूप काढा" असे सांगून मी कोणाच्या दुकानातून बाहेर पडत नाही. मी त्याला मघाचा दांडा दाखवितो. चोरीची फारच भीती असेल तर दांड्याला घंटा जोडून मिळते. दार उघडले की अशी वाजते की चोर माल टाकून पळावा. कचेऱ्यांतून हल्ली कार्ड दाखवून उघडणारी चुंबकी कुलुपे असतात. तेथे एकच प्रश्न विचारावा: वीज गेली की हे सुटते की धरून राहते? आगीत वीज जाते किंवा तोडावी लागते. बाहेर जाण्याच्या वाटेवरचे कुलूप वीज जाताच आणि आगीची घंटा होताच आपोआप सुटले पाहिजे. हे मुख्य स्विच पाडून पाच मिनिटांत पाहता येते. पाहिलेले मात्र क्वचितच असते. आणि शटर हे दार नव्हेच. आत मनुष्य झोपावयाचा असेल तर त्याला आतून किल्लीवाचून उघडणारे दुसरे दार हवे. ते नसेल तर तेथे मनुष्य झोपू नये. यात तडजोड नाही.

एक घोटाळा मात्र येथे दूर केला पाहिजे. कुलूप नको म्हटल्याबरोबर काही सज्जन दार सताड उघडे टाकतात. जिन्याचे दार हे दुहेरी कामाचे असते. माणसाने त्यातून जावे, पण धुराने जाऊ नये. त्यासाठी ते जड, आगीला काही काळ दाद न देणारे असते आणि वर बसविलेल्या यंत्राने आपोआप मिटते. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी त्याला वीट लावून ठेवतात. मी तर आग विझविण्याचा लाल नळकांडाच अडकण म्हणून लावलेला पाहिला आहे! दाराला वीट लागली की जिना म्हणजे इमारतीचे धुराडे होते. परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ च्या सकाळी बाराव्या मजल्यावर आग लागली. ती राहती इमारत होती, चारजण गेले, आणि आग विझविण्याची यंत्रणा चालू नव्हती असे अग्निशमन दलाने सांगितले. उंच इमारतीत ज्वाला एका मजल्यावर असते, पण धूर सगळ्या मजल्यांवर जातो. तेव्हा सूत्र असे: दार मिटलेले हवे, कुलुपात नको.

कुलूप नाही, वीट नाही, दारही बाहेर उघडते, तरी ते दार मेलेले असू शकते. ते वापरावाचून मरते. आपल्यापैकी ज्यांनी लालबाग, दादर, गिरगावच्या जुन्या चित्रपटगृहांत खेळ पाहिले आहेत त्यांना आठवेल, खेळ संपता संपता डोअरकीपर जाड पडदे सारी, बाजूची दारे धडाधड उघडत, आणि दुपारचे ऊन एकदम डोळ्यांवर येई. शेवटचे गाणे पूर्ण व्हायच्या आत दारे उघडली म्हणून लोक शिव्याही देत. पण त्यामुळे ती दारे दिवसातून तीनचार वेळा उघडली जात. बिजागरी गंजत नसे, बाहेरच्या गल्लीत कोणी सामान टाकू शकत नसे, आणि प्रत्येक प्रेक्षकाला बाहेरची वाट पायांनी ठाऊक होई. आजच्या मॉलमध्ये तेच दार संकटासाठी राखून ठेवले आहे. राखीव म्हणून ते कोणाचेच नाही. त्याच्यापुढे प्रथम एक झाडाची कुंडी येते. मग दिवाळीचा माल येतो, पुठ्ठ्याची खोकी येतात, ती दोन दिवसांसाठी असतात आणि होळीपर्यंत राहतात. दाराच्या पलीकडे घरगल्ली असेल तर तिच्यात जुनी लाकडे, तेलाचे डबे, कोणाची तरी मोडकी सायकल. आणि जागेचा लोभ तर आहेच. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला एकोणसाठ माणसे गुदमरून गेली. तेथे बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट मालकांच्या खासगी बॉक्सपायी बंद झालेली होती आणि जादा खुर्च्यांनी जाण्यायेण्याची जागा अरुंद केलेली होती.

नियमांविषयी फार बोलत नाही, कारण नियम आपल्याकडे कमी नाहीत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत असे आहे की बाहेर जाण्याचे दार एक मीटरहून अरुंद नसावे, सभागृहासारख्या ठिकाणी दोन मीटर असावे. ते बाहेर उघडावे. ते किल्लीवाचून उघडावे. दार उघडल्याबरोबर पायरी नसावी, आधी सपाट जागा असावी. आणि त्या वाटेवर व दारावर आरसा नसावा. हा आरशाचा नियम मला फार आवडतो. धुरात मनुष्याला आरशात वाट दिसते आणि तो भिंतीवर जाऊन आदळतो. शोभेच्या नादात आरसे लावणाऱ्या उपाहारगृहांनी हे कोठे तरी टिपून ठेवावे.

आपल्या राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा २००८ पासून चालू आहे. त्याने जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावरही टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून सर्व व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा दाखला घेऊन तो अग्निशमन दलाकडे द्यावयाचा असतो. चांगली तरतूद आहे. पण दाखला जानेवारीत मिळतो आणि खोकी फेब्रुवारीत येतात. दार हे पंपासारखे सहा महिन्यांनी तपासण्याचे यंत्र नव्हे. ते रोज सकाळी दुकान उघडताना एकदा ढकलून पाहावे लागते. देवाला उदबत्ती लावतो तेव्हाच मागच्या दारापर्यंत जाऊन यावे. अर्धे मिनिट लागते.

गिऱ्हाईक म्हणून, नोकरदार म्हणून आपण काय करावे? उपाहारगृहात बसल्यावर दुसरे दार कोठे आहे हे वेटरला विचारावे. तो चमकला तर समजावे की त्याला कोणी शिकविलेले नाही. कचेरीत काम करीत असाल तर आठवड्यातून एकदा घरी जाताना त्या दुसऱ्या जिन्याने उतरा, तळापर्यंत, आणि खालचे दार रस्त्यावर उघडते का ते पाहा. वरची दारे उत्तम आणि तळाला साखळी, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. साखळी दिसली तर प्रथम व्यवस्थापकाला लेखी कळवावे. तोंडी कळविलेले विसरता येते. तरीही राहिली तर महानगरपालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आग लागली असेल तर अर्थात १०१.

आणि पाटीविषयी एक विनंती. हिरव्या पाटीवर पुष्कळ ठिकाणी नुसते इंग्रजी असते. पाहुण्याला ते कळत असेल. पण स्वयंपाकघरात भांडी घासणारा, माल चढविणारा, रात्रीचा झाडूवाला यांनाही त्याच दाराने जावयाचे आहे. १९४८ च्या कायद्याला हे सुचले होते. पळणाऱ्या मनुष्याच्या चित्राखाली देवनागरीत "बाहेर" एवढी तीन अक्षरे लिहावयास रंगाऱ्याला फार वेळ लागत नाही.

वॉचमनचे मात्र सांगावयाचे राहिले. दाराची किल्ली, साखळी, सारे त्याच्या हाती असते, आणि तो दर दोनचार महिन्यांनी बदलतो. जुना जाताना नव्याला रजिस्टर देतो, शिटी देतो, दंडुका देतो. कोणते दार कधीही कुलुपात घालावयाचे नाही हे त्याला सांगणारा कोणी नसतो. उलट "रात्री सगळी कुलुपे बघ" एवढेच सांगितलेले असते, आणि तो बिचारा इमानाने सगळी कुलुपे बघतो. आपल्या सोसायटीच्या, दुकानाच्या, कचेरीच्या वॉचमनला उद्या सकाळी त्या दारापाशी नेऊन, दांडा त्याच्याच हाताने एकदा ढकलवून घ्या.